जमिनीवरचा पत्ता

"डोळे मिटा आणि घरी जा," ओक सर म्हणाले.

आम्ही अकरा जण, अकरा खुर्च्या, कपाळाला काळे पट्टे. पुण्यात एका बँकेच्या वरच्या मजल्यावरचा क्लास. प्रत्येकासमोर पडदा. माझ्या शेजारच्या आर्यमननं डोळे मिटले आणि त्याच्या पडद्यावरची हिरवी रेघ सोसायटीच्या फाटकातून आत शिरली, जिना चढली, दारातून थेट आत जाऊन पेटत राहिली. ८८. त्याच्या घरी कुत्रा आहे.

"कुत्र्याचा फार फायदा होतो," सर म्हणाले. "ज्यांच्याकडे नाही त्यांनी निदान मांजर तरी बघा."

सगळे हसले. माझी रेघ फाट्यावर एस.टी.तून उतरली, पाण्याच्या टाकीपर्यंत गेली आणि तिथंच विझली. ३१.

"शेलार, तुला घरी जायचंच नाहीये का?"

"मी गेले होते, सर."

"तू गेलीस गं. मेंदू टाकीपाशी थांबला. आणि व्हिसा मेंदूला मिळतो."

हे पट्टे आले त्याला सहा वर्षं झाली. त्याआधी मुलाखतीला बसलेला साहेब विचारायचा, शिकून झालं की परत येणार का? सगळे हो म्हणायचे. नाही कोण म्हणेल? मग साहेब बँकेचे कागद बघायचा, बापाची शेती बघायचा, आणि मनाला येईल तसा शिक्का मारायचा. ते वाईट होतं. आता जे आहे ते शास्त्रीय आहे.

शास्त्र असं. मेंदूच्या आत, कानाच्या पातळीला, करंगळीएवढा एक भाग आहे. त्यातल्या पेशी जागा सांभाळतात. एक पेशी वळणाची, एक विहिरीची, एक उंबऱ्याची. माणूस ओळखीची वाट मनात चालला की त्या पेशी त्याच क्रमानं पेटत जातात, पाय चालतात त्याच्या कितीतरी पट वेगानं. उंदरांच्या डोक्यात हे फार पूर्वी दिसलं होतं. माणसाच्या डोक्यात बघायला खोलीएवढं यंत्र लागायचं. मग हिऱ्याच्या चकत्यांचे संवेदक निघाले. पेशी पेटताना जे चुंबकत्व सुटतं ते पृथ्वीच्या चुंबकत्वाचा अब्जावा हिस्सासुद्धा नसतं, पण ते आता कपाळावरच्या पट्ट्यात सापडतं. मग एका विद्यापीठानं परदेशी शिकायला गेलेल्या चार हजार पोरांच्या डोक्यातल्या घरवाटा नोंदवून ठेवल्या आणि आठ वर्षं थांबून बघितलं, कोण परततं. ज्यांची वाट उंबऱ्याच्या आत जाऊन पेटत राहायची ते परतले. ज्यांची अध्येमध्ये विझायची ते तिकडचेच झाले. शंभरात एकोणऐंशी वेळा अंदाज खरा.

उरलेल्या एकवीस जणांचं काय, हे कुणी विचारलं नाही. लगेच सगळ्या वकिलातींनी पट्टे मागवले. त्या आकड्याला इकडं कुणीतरी 'परतांक' असं नाव दिलं आणि ते चिकटलं. साठच्या वर असाल तर विद्यार्थी, खाली असाल तर संशयित. आणि चलाखी चालू नये म्हणून डोक्यातल्या वाटेची वळणं, अंतरं अर्जातल्या पत्त्याच्या नकाशाशी जुळवून बघतात. दुसऱ्याच्या बंगल्यावर प्रेम करून भागत नाही.

माझ्याकडे प्रवेशाचं पत्र होतं. धरणांत साठणाऱ्या गाळाचा अभ्यास, दोन वर्षं. गाळाचं शास्त्र कशाला शिकायचं, असं मला सगळे विचारतात. ज्याच्याखाली माझं घर गेलं ते काय आहे हे मला नीट बघायचंय, एवढंच. शिष्यवृत्ती होती, विभागप्रमुख बाईंची दोन पत्रं होती. फक्त व्हिसा नव्हता. मुलाखत सहा आठवड्यांवर. त्यात नापास झालं की पुढची पाच वर्षं अर्ज करता येत नाही. पाच वर्षं ती जागा माझ्यासाठी कोण धरून ठेवणार होतं?

"दहा दिवस घरी जाऊन राहा," सर म्हणाले. "वाट तुडव. फाट्यापासून दारापर्यंत, रोज तीस वेळा. ओढ सरावानं येते."

घरी म्हणजे कॅम्पात.

कागदावर त्याचं नाव 'वेळशिंद पुनर्वसन वसाहत'. मी नऊ वर्षांची असताना धरणाची दारं लागली, वेळशिंद पाण्याखाली गेलं आणि आम्हाला तिथून दोनशे किलोमीटरवर, बाभळींच्या माळावर आणून टाकलं. पत्र्याच्या घरांच्या चार रांगा, एक टाकी, एक गिरणी. चौदा वर्षांत तिथं पोरं जन्मली, लग्नं लागली, माणसं मेली, पण त्या जागेला कुणी गाव म्हटलं नाही. ती जागा म्हणजे कॅम्प. 'गावाला चाललो' म्हटलं की ते पाण्याखालचं. वैशाखात पाणी उतरतं आणि घरांची जोती उघडी पडतात, तेव्हा टेम्पो करून सगळी माणसं गावाला जातात. भिंती केव्हाच विरघळल्यात, दगडी जोती तेवढी उरलीत. आपापल्या जोत्यावरचा गाळ ओढायचा, झाडायचं, चुलीच्या जागी दिवा लावायचा, डबा खाऊन परत फिरायचं. कॅम्पातल्या चार वर्षांच्या पोराला विचारा, गाव कुठलं रे? वेळशिंद म्हणेल. त्याच्या जन्माआधी बुडालेलं.

आमचं जोतं शोधायचं काम माझं. आमचं घर वस्तीपासून लांब, ओढ्यापलीकडं. तिथं तीनच घरं. बाकीची दोन कुटुंबं मुंबईला गेली ती परत फिरकली नाहीत. आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, बावीस वर्षं मुंबईत माथाडी होते. पाठीवर गोणी. गावाला गणपतीत यायचे आणि शिमग्याला यायचे, बास. गाळ बसला की तिन्ही जोती सारखीच दिसतात. पहिल्या वर्षी अण्णा दुसऱ्याच्याच जोत्यावर खराटा घेऊन बसले होते. मी हाताला धरून उठवलं. तेव्हापासून दरवर्षी मी पुढं, ते मागं.

आई धरण भरायच्या आदल्या वर्षी गेली. गावातच. तिनं कॅम्प पाहिला नाही.

तर मी क्लासनं पडद्यासकट दिलेला पट्टा बांधून फाट्यापासून ब्लॉक नंबर सतरापर्यंत येरझाऱ्या घालायला लागले. अण्णा दारात बसून बघायचे.

"तने, काय हारवलंय का?"

"नाही. वाट पाठ करते."

"हितली?" ते हसले. "हितं पाठ कराय काय हाय? टाकी, गिरणी, बाबळ. आंधळा बी यील."

"मेंदू येत नाही, अण्णा."

"मंग तुज्यापरीस शाना हाय त्यो."

दहाव्या दिवशी आकडा ३४. तीनशे येरझाऱ्यांत तीन. मी पट्टा काढून खाटेवर फेकला. अण्णांनी तो उचलला, उलटासुलटा केला.

"बगू तरी माजं."

"तुम्हाला कुठं जायचंय परदेशी?"

"बांद की. फुकाट हाय तवर."

मी बांधला. म्हटलं, डोळे मिटा आणि घरी जा. अण्णांनी लहान पोरासारखे डोळे घट्ट मिटले. हिरवी रेघ निघाली. ती कॅम्पात आली नाही. वेळशिंदलाही गेली नाही. ती सरळ गेली, डावीकडं वळली, एका जागी थांबली, आल्या वाटेनं परत फिरली. पुन्हा सरळ, डावीकडं, थांबा, परत. पुन्हा तेच. मला कळायला वेळ लागला. ट्रकपासून गोदामापर्यंत. गोणी टाकायची आणि दुसरी आणायला जायचं. बावीस वर्षं.

"किती आलं?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"चांगलं आलं."

"कुटं ग्येलो मी?"

"गावाला."

त्यांनी डोळे उघडले आणि पडद्याकडं बघितलं. अण्णांना वाचता फारसं येत नाही, पण ती वाट त्यांना ओळखू येणार नाही असं कसं होईल? पट्टा त्यांनी स्वतःच सोडला, माझ्या डोक्याला बांधला आणि म्हणाले, "गावची वाट तूच सांग. साळा सुटली की कशी यायचीस, त्ये सांग मला."

मी सांगायला लागले. शाळेच्या मागून उतार. ओढ्यावरचा साकव, त्याची एक फळी कायम हलायची, ती ओलांडून उडी. मग फणस. फणसाखालून पाणंद, दोन्ही बाजूंना करवंदीची जाळी, तिथं दप्तर अडकायचं. मग विहीर. विहिरीपासून धुराचा वास. तीन दगडी पायऱ्या, मधली खचलेली. उंबरा. आत गेलं की डाव्या कोपऱ्यात जमिनीत रोवलेलं उखळ, आणि उखळाशी आई, माझ्याकडं पाठ करून. मागं न बघता म्हणायची, आधी पाय धू.

पट्टा किणकिणला. वाट पूर्ण झाल्यावर वाजतो तसा. मी तो आवाज आधी फक्त आर्यमनच्या पट्ट्यातून ऐकला होता.

९१.

म्हणजे माझं डोकं घरी जात होतं. रोज जात असणार. फक्त ते घर धरणाच्या पाण्याखाली होतं.

मी वकिलातीला पत्र लिहिलं. साधं, खरं लिहिलं. माझ्या घराचा पत्ता अमुक, ते धरणात गेलं, माझी घरवाट तिथली आहे, परतांक एक्क्याण्णव येतो, पडताळून बघा. तीन दिवसांनी उत्तर आलं, माझ्याच भाषेत, यंत्रानं केलेलं: 'आपण नमूद केलेले स्थान जलाशय या वर्गात मोडते. अर्जदाराने जमिनीवर असलेला पत्ता द्यावा ही विनंती.'

मी ते सात-आठ वेळा वाचलं. शिव्या दिल्या. जमिनीवरचा पत्ता! तो होता तेव्हा कुणी विचारला नाही. मग आमच्याच सरकारनं तो बुडवला, आणि आता परक्या सरकारला तो कोरडा पाहिजे. आणि या दोघांत शिष्टाचार इतका की 'विनंती' लिहायला विसरले नाहीत.

पुण्याला येऊन ओक सरांना आकडा दाखवला.

"एक्क्याण्णव! अगं, मग तोंड का असं?"

"पत्ता पाण्यात आहे, सर."

सरांनी पडद्यावर नकाशा उघडून बघितला. ते वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर मला पुढचं सगळं त्यांच्यावर ढकलता आलं असतं.

"एक उपाय आहे," ते शेवटी म्हणाले. "नकाशा आपल्याला बदलता येत नाही. डोकं बदलता येतं."

त्यांनी समजावलं. आठवण ही कपाटात ठेवलेली वस्तू नाही. दरवेळी आठवलं की ती सैल होते आणि तास-दोन तासांत पुन्हा घट्ट बसते. ओलं सारवण वाळायच्या आत त्यावर बोट फिरवलं तर ते कायमचं उमटतं, तसं. जुनी वाट पूर्ण आठवायची. पट्टा किणकिणला की ती ओली झाली. त्याच क्षणी डोळ्यांवर चष्मा चढवून त्यात नवी वाट चालायची, टाकी, गिरणी, बाभूळ, आणि प्रत्येक वळणाला पट्टा एक बारीक ठोका देतो. चुंबकत्वाचाच. पंधरा दिवस, दिवसातून सहा वेळा. जुन्या वाटेची ओढ नव्या वाटेवर उतरते.

"आणि जुनी वाट?"

सरांनी एक कागद पुढं सरकवला. त्यात एक ओळ होती: 'पूर्वीच्या मार्गांच्या स्मरणात फरक पडू शकतो.'

"फरक म्हणजे?"

"कुणाचा थोडा पडतो. कुणाचा..." त्यांनी पेन उचलून पुन्हा ठेवलं. "हे बघ शेलार, तुझं ते घर तसंही नाहीये."

"डोक्यात आहे, सर. तेवढ्याच ठिकाणी आहे."

"म्हणून तर विचारतोय. घाई नाही. उद्या सांग."

विचारायला कुणी नव्हतं. आर्यमनला काय विचारणार, कुत्र्याचं नाव? अण्णांना फोन लावला. ते म्हणाले, यंदा पाणी लवकर उतरतंय म्हणं, सुट्टी काढून ठेव, तू न्हाय आलीस तर मला कुटलं सापडतंय. मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. त्यांना काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, जा तू, आमचं काय. ते ऐकून सही करण्यापेक्षा न ऐकता करणं मला सोपं गेलं. हे चांगलं नाही. पण मी तसं केलं.

सहीच्या आधी एक दोनशे पानी वही आणली आणि सगळी वाट लिहून काढली. साकवाचा दगड, तिथून फणस, फणसापासून एकोणीस पावलं, पायऱ्या, उखळ. सगळं. म्हटलं, डोक्यातून गेलं तरी वहीत राहील.

चौथ्या दिवशी फणसानंतर काय येतं ते आठवेना. फणसानंतर गिरणी यायला लागली. सहाव्या दिवशी ओढ्याला पाणी नव्हतं, तिथं माळावरचा फुफाटा होता. मी वही उघडून वाचायची आणि वाचलेलं खरंच वाटायचं, पण पुस्तकातलं खरं असतं तसं. करवंदीच्या जाळीत दप्तर अडकायचं असं लिहिलं होतं. कुणाचं?

आकडा ४०, ४४, ४९. मग दोन दिवस तिथंच अडकला. आणि अकराव्या दिवशी चष्म्यातून चालत ब्लॉक नंबर सतराशी आले तर पत्र्याच्या दारात आई उभी होती. दाराच्या कडेला, जिथं अण्णा बसतात तिथं. माझ्याकडं तोंड करून. तिच्या अंगावर कॅम्पातलं पांढरं ऊन पडलं होतं. जिनं कॅम्प पाहिलाच नाही ती तिथं उभी राहून म्हणाली, आधी पाय धू.

पट्टा किणकिणला. ६८.

क्लासमधल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी स्वतः पाणी आणून दिलं.

सरकारला चौदा वर्षांत जे जमलं नाही ते पंधरा दिवसांत झालं. आमच्या लोकांनी मोर्चे काढले, उपोषणं केली, कलेक्टर ऑफिससमोर चुली मांडल्या, पण एका गोष्टीत हार मानली नव्हती: कॅम्पाला गाव म्हणायचं नाही. तुम्ही आम्हाला टाकलंत तिथं आम्ही राहू, पण तिथले होणार नाही. मी तिथली झाले. स्वतःच्या सहीनं.

मुलाखत मुंबईत होती. काचेपलीकडं पन्नाशीची एक बाई, केस बारीक कापलेले, डोळ्यांखाली थकवा. ती तिच्या भाषेत बोलायची आणि यंत्र ते मराठीत करून सांगायचं.

"कृपया नेत्र मिटून स्वगृही प्रयाण करावे."

मला हसू आलं. तीही हसली, तिला वाटलं मी घाबरले नाहीये. मी पट्टा बांधला आणि प्रयाण केलं. फाटा. टाकी. गिरणीचा आवाज. बाभूळ. कुठंही अडखळले नाही. दार, दारात अण्णा, अण्णांच्या मागं आई. आत गेले.

"चौऱ्याहत्तर," बाई म्हणाली. तिच्या पडद्यावर माझी वाट नकाशावर बसली असणार, कारण ती मान हलवत होती. "आपले गाव आपणास अतिशय प्रिय दिसते."

यंत्रानं 'गाव' म्हटलं. मी ते दुरुस्त करायला तोंड उघडलं. काय दुरुस्त करायचं होतं ते आठवेना.

"हो," मी म्हटलं.

कागदावर शिक्का मारता मारता ती म्हणाली, "मी सात देशांत नोकरी केली. एकदा गंमत म्हणून आम्ही सर्व कर्मचाऱ्यांनी हा पट्टा बांधून पाहिला होता."

"तुमचे किती आले?"

यंत्रानं तिला प्रश्न सांगितला. तिनं कागद काचेखालून सरकवला.

"आपले अभिनंदन. पुढील अर्जदारास पाठवावे."

रस्त्यावर आले आणि फोन काढला. कुणाला सांगू म्हणून यादी वरखाली केली. सरांना निरोप टाकला, त्यांचा अंगठा आला. अण्णांना फोन केला. ते म्हणाले, झालं का? बरं झालं. बरं झालं. त्यांच्या मागं गिरणी चालू होती. तो आवाज ऐकत राहावा म्हणून मी फोन ठेवला नाही. त्या भिकार गिरणीचा आवाज.

वैशाखात टेम्पो निघाला. मीही गेले. नाही कसं म्हणणार होते?

पाणी खरंच खूप उतरलं होतं. धरणाच्या पोटात भेगाळलेला चिखल, मैलभर. वस्तीतली माणसं आपापल्या जोत्यांकडं पांगली. बाया गाळ ओढता ओढता जुन्या शेजारणीला हाका मारत होत्या. अण्णांच्या एका हातात खराटा, दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीत दिवा आणि तेलाची बाटली. ओढ्यापाशी आल्यावर ते नेहमीसारखे थांबले, मला पुढं जायला जागा दिली.

"चल म्होरं."

मी वही काढली.

"ह्ये काय?"

"लिहून ठेवलंय. विसरायला नको म्हणून."

"तू कवा इसारतीस व्हय?" ते म्हणाले.

साकवाच्या दगडापासून फणसाचा बुंधा, असं लिहिलं होतं. समोर तीन काळे बुंधे होते, सगळे सारखेच कुजलेले. त्यातला फणस कुठला? मी मधला धरला. तिथून एकोणीस पावलं. मी चालायला लागले आणि सातव्या पावलाला थांबले. एकोणीस पावलं, पण कुणाची? नऊ वर्षांच्या मुलीची की माझी? ते लिहायचं राहिलं होतं. लिहिताना मला ते माहीत होतं ना, म्हणून राहिलं.

समोर तीन जोती. गाळानं गोल झालेली, एकाच मापाची. एकानंही मला हाक मारली नाही. अण्णा मागं उभे होते, त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता. ते घाई करत नव्हते. त्यांना खात्री होती.

"हे," मी म्हटलं. मधलं दाखवलं.

अण्णांनी चपला काढल्या. जोत्याला हात लावून तो कपाळाला लावला, वर चढले, झाडायला लागले. सुकलेला गाळ पापुद्र्यांनी निघत होता. मीही हातानं ओढायला लागले. मग ते डाव्या कोपऱ्यात गेले आणि उकिडवे बसले. दरवर्षी ते तिथला गाळ बोटांनी उकरतात, उखळाचं तोंड मोकळं करतात आणि त्यात बाटलीतलं थोडं पाणी ओततात. ते उकरायला लागले. बोटभर, वीतभर. मग कोपरापर्यंत हात गेला. खाली चिखल. आणखी चिखल. दगड लागला नाही. त्यांनी थोडं सरकून पुन्हा उकरलं. मग आणखी थोडं सरकून.

मी बघत होते. माझ्या वहीत लिहिलेलं होतं: 'डाव्या कोपऱ्यात उखळ.' ते ज्या जोत्यावर होतं ते डावीकडचं असेल किंवा उजवीकडचं. दहा पावलांवर. कदाचित मला तिकडं जाऊन उकरून बघता आलं असतं. पण उखळ त्या दोन्ही घरांत असणार. सापडलं असतं तरी ते आमचंच हे कुणी सांगायचं?

अण्णांनी हात बाहेर काढला. बराच वेळ तो धोतराला पुसत राहिले. माझ्याकडं बघितलं नाही.

"गाळ लई आलाय यंदा," ते म्हणाले.

"हो."

"दर साली वाडतोयच."

"हो, अण्णा."

त्यांनी चुलीच्या अंदाजानं एक जागा हातानं सारखी केली, दिवा ठेवला, तेल घातलं, आडोसा धरून पेटवला. कुणाच्या तरी चुलीवर. डबा उघडला. भाकरीचा पहिला तुकडा मोडून दिव्याशी ठेवला, आईसाठी ठेवतात तसा. आम्ही जेवलो. वस्तीकडून कुणाचं तरी मोठ्यानं हसणं आलं. चिखल तापायला लागला होता, वास सुटला होता. मला तो वास ओळखीचा नव्हता. मला तिथून निघायचं होतं. दारातली सावली डोळ्यांसमोर येत होती, टाकीचं गार पाणी, पत्रा तापल्यावर वाजतो तो आवाज. इतकी ओढ लागली की हातातला घास तसाच डब्यात ठेवला.

मी डबा बांधला आणि उभी राहिले.

"चला अण्णा, ऊन चढलं. गावाला जाऊ."

अण्णांचा खराट्यावरचा हात थांबला.

मी काय बोलले ते मला त्यांच्या तोंडाकडं बघून कळलं. आम्ही वेळशिंदला उभे होतो. आमच्या पायाखाली वेळशिंद होतं.

ते काही विचारतील म्हणून मी थांबले. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दिव्याकडं एकदा बघितलं, चपला घातल्या, पिशवी उचलली. जोत्यावरून खाली उतरले आणि बाजूला झाले. मला पुढं जायला जागा दिली.

"हो म्होरं," ते म्हणाले. "ती वाट ठावं हाय न्हवं तुला?"

मी पुढं झाले. ती वाट मला डोळे मिटूनही येते.